लोक तिला कॅशिओ म्हणतात

झरीत येऊन तिला चार वर्षं झाली, पण तिचं खरं नाव गावात दोघांनाच माहीत आहे. बाकी सगळ्यांच्या लेखी ती कॅशिओ. लग्नघरातला पाहुणा खोलीत डोकावतो आणि म्हणतो, "कॅशिओ वाजवून दाखव ना बे." माझा भाचा सुरुवातीला चिडायचा. "मामाजी, हे म्हन्जे म्हशीले बकरी म्हनल्यासारखं हाय." आता तोही सोडून देतो. वनस्पती तूप दिसलं की डालडा, धुण्याची पावडर दिसली की निरमा, तसं काळ्यापांढऱ्या पट्ट्या आणि विजेची वायर दिसली की कॅशिओ. ती मात्र रोलंडची. रोलंड डी-५०, जन्म १९८७, माहेर जपान. ओसाकात १९७२ साली निघालेल्या कंपनीची ही लेक, आणि झरीत भाऊबंदाच्या नावानं हाक ऐकते आहे.

दिसायला साधीच. दोन हात लांबी, काळा रंग, दहा किलोच्या वर वजन, ६१ पट्ट्या. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात तिची उमर गेली. ऑर्केस्ट्रा मोडला, वादकानं ती भाच्याला विकली. पांढरकवड्यापर्यंत हायवेनं आणि तिथून बियाण्याच्या पोत्यांसोबत छोट्या हत्तीत बसून ती झरीत उतरली. पोटाखाली अर्धवट फाटलेला एक स्टिकर आहे, त्यावर आता फक्त 'कल नाइट' एवढंच वाचता येतं. पडद्याच्या कोपऱ्यात हळदकुंकवाचा जुना डाग आहे. कोणत्या तरी दसऱ्याला वादकानं तिची पूजा केली असणार. भाच्यानं तो पुसलेला नाही. दर दसऱ्याला त्याच्या शेजारी एक नवा लावतो.

तिची खोली म्हणजे ताईच्या घराची मागची पडवी. पूर्वी तिथं कापूस भरून ठेवत. आता भिंतींना जुन्या गाद्या आणि गोधड्या टांगल्या आहेत. शहरातले स्टुडिओवाले आवाज शोषायला फोम आणतात, इथं घरचीच रुई कामाला आली. दारातल्या कोंबड्यांचा बंदोबस्त तेवढा अजून झालेला नाही. झरी आणि जामणी ही दोन नावं जोडून झालेला हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाचा तालुका. खाली पैनगंगा, तिच्या पलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. इथला माणूस तलाठ्यासमोर एक भाषा बोलतो, आदिलाबादच्या व्यापाऱ्याशी दुसरी आणि घरी चुलीपाशी तिसरी. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी. मराठीतही शाळेची वेगळी, बाजारातली वऱ्हाडी वेगळी. हे मुद्दाम सांगतोय. या पेटीशी जमवून घ्यायला भाच्याला त्याच्या आयटीआयच्या सर्टिफिकेटापेक्षा याच सवयीचा जास्त उपयोग झाला, असं माझं मत आहे.

स्वभावानं ती अबोल. नव्या की-बोर्डांवर बोटागणिक नॉब असतो: हा फिरवला की आवाज उजळतो, तो फिरवला की मिटतो. हिच्या अंगावर तसलं काही नाही. दोन ओळींचा पडदा, त्याखाली बटणं आणि एक दांडी. आवाज बदलायचा तर बटण दाबून आत शिरायचं, मग आणखी आत, आणि हवी ती ओळ सापडली की आकडा वरखाली करायचा. सातबाऱ्यावरचं आडनाव दुरुस्त करायला हिंडावं तसं. तिच्या एकेका आवाजाला ४४८ खाने राखलेले आहेत. रोलंडनं त्यासाठी पीजी-१००० नावाचं वेगळं यंत्र काढलं होतं, ५६ सरकत्या खटक्यांचं, पण ते वेगळे पैसे मोजून घ्यावं लागे. ऑर्केस्ट्रावाल्याकडे ते कधी नव्हतंच. कंपनीनं भरून दिलेले तेच आवाज त्यानं जन्मभर वाजवले, आणि तिनंही विचारल्याशिवाय पोटातलं काही सांगितलं नाही.

पोटात होतं तरी काय? त्या काळी स्मृतीच्या चिपा महाग होत्या. अख्खा पियानो, अख्खी बासरी साठवायची तर पेटीची किंमत कुठल्या कुठे गेली असती. रोलंडच्या लोकांनी मग माणसाच्या कानाची एक खोड हेरली. वाद्य कोणतं हे कान पहिल्या क्षणातच ठरवून मोकळा होतो: बोट तारेला कसं लागलं, फुंकर कशी फुटली. पुढचा लांबलेला सूर तो फारसा तपासत नाही. म्हणून खऱ्या वाद्यांच्या सुरुवाती आणि काही फिरते तुकडे असे मिळून शंभर नमुने साठवले, आणि मागचं धड आकड्यांतून घडवलेल्या साध्या लहरीचं जोडलं. याला नाव दिलं लीनिअर अरिथमेटिक. नाव अवघड, युक्ती बाजारातली. माणसानं तोंड उघडून पहिला शब्द टाकला की तो वणीकडचा की नदीपलीकडचा हे भाजीवाली ओळखते. उरलेलं वाक्य ती ऐकतच नाही, तागडी उचलते.

तर ही पेटी दोन भाषा बोलते. पहिली बाजारची, तिचं नाव मिडी.

१९८० च्या सुमाराला प्रत्येक कंपनीची पेटी फार तर आपल्या घरच्या पेटीशी बोलायची. अमेरिकेतल्या सिक्वेन्शिअल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथनं १९८१ मध्ये सगळ्यांसाठी एकच बोली सुचवणारा निबंध वाचला. जपानमध्ये रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी त्याच खटपटीत होते. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात स्मिथची प्रोफेट-६०० आणि रोलंडची ज्युपिटर-६ वायरीनं जोडली. एकीवर बोट ठेवलं, दुसरीही वाजली. बोलीवर कुणी मालकी सांगितली नाही, वापरायचे पैसे मागितले नाहीत, म्हणून ती पसरली. २०१३ मध्ये दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळालं. चरणजित सिंग यांनी मुंबईत रोलंडच्याच यंत्रांवर दहा रागांची डिस्को तबकडी केली ती १९८२ ची, म्हणजे या बोलीच्या बारशाआधीची. ती तबकडी ऐकताना मला कायम या पेटीच्या थोरल्या बहिणी आठवतात.

बाजारची बोली असते तशीच ही तुटपुंजी आणि कामापुरती. वाक्य तीन आकड्यांचं: १४४, ६०, १००. पहिल्याचा अर्थ पहिल्या चॅनलवर सूर लाव, दुसऱ्याचा मधली सी पट्टी, तिसऱ्याचा एवढ्या जोरानं. मापं शून्य ते १२७ एवढीच, कारण आठ बिटांतलं पहिलं बिट 'हा हुकूम की हे माप' हे सांगण्यात खर्च होतं, आणि उरलेल्या सातांत १२८ खुणा बसतात. १९९१ मध्ये याच १२८ खान्यांत जगभरचे आवाज ओळीनं बसवले, तेव्हा सतारीला १०५ वी जागा मिळाली, सनईला ११२ वी. ढोल नाही, ढोलकी नाही, तबला नाही. तालवाद्यांची वेगळी यादी केली, तीतही नाही. हेलिकॉप्टर मात्र आहे, १२६ वं. आमच्या तालुक्यात हेलिकॉप्टर निवडणुकीलाच दिसतं.

वायरीत पाच पिना असतात, त्यातल्या तीनच कामाच्या. दोन नुसत्या उभ्या. निरोप जिथं पोचतो तिथं एक बारीकसा दिवा आणि समोर त्याच्याकडे बघणारा डोळा. वीज दिव्यापाशी थांबते, पुढे उजेड जातो, म्हणून एका यंत्राची घरघर दुसऱ्यात शिरत नाही. लॅपटॉपला जोडायच्या यूएसबी-मिडी वायरीच्या टोकांवर 'इन' आणि 'आउट' लिहिलेलं असतं आणि 'इन' लिहिलेलं टोक 'आउट'मध्ये घालावं लागतं. हे भाच्याला चौथ्या दिवशी कळलं. मला अजून नीट कळलेलं नाही.

दुसरी तिची घरची बोली. कंपन्यांनी बाजारची भाषा एक केली, पण दार लावून बोलायला प्रत्येकीनं जागा ठेवली. हे वाक्य २४० नं सुरू होतं आणि २४७ नं संपतं. २४० म्हणजे आता घरातलं बोलणं. लगेच आडनाव: रोलंडचं ६५, कोर्गचं ६६, यामाहाचं ६७. कॅशिओचं ६८. आपलं आडनाव ऐकू आलं नाही त्यानं २४७ येईपर्यंत कान मिटून घ्यायचे अशी रीत. मग चॅनल, मग २०, म्हणजे डी-५० शीच बोलतोय, मग १८, म्हणजे घे. (द्यायला सांगायचं असेल तर १७.) पुढे तीन आकड्यांचा पत्ता, एक किंमत, आणि शेवटी हिशोबाची गाठ. पत्ता आणि किंमत यांची बेरीज करायची, १२८ च्या वर गेली तर तेवढे काढून टाकायचे, आणि उरेल ती १२८ मधून वजा करायची. पत्ता ०-०-१ आणि किंमत ५० असेल तर बेरीज ५१, गाठ ७७. गाठ चुकली की ती भांडत नाही. ऐकलंच नाही असं करते.

अकरा आकड्यांचं हे वाक्य भाच्यानं पहिल्यांदा बरोबर पाठवलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. झालेला बदल इतका बारीक होता की मला ऐकूच आला नाही. त्याला आला. तो अंगणात जाऊन एवढ्या जोरात हसला की कोंबड्या उठल्या आणि ताईही.

मग त्यानं तिच्यासाठी लॅपटॉपवर पॅनल बांधायला घेतलं. सीटीआरएलआर नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, कंट्रोलर हाच शब्द स्वर आणि एक-दोन व्यंजनं गाळून लिहिलेला. इंग्रजी माणसाला आपल्यासारखी काना-मात्रांची माया नाही. त्यात मोकळा फळा मिळतो. हव्या तिथं खटका ठेवायचा, त्याला सांगायचं की तुझा पत्ता हा, तुझी धाव शून्यापासून शंभरपर्यंत, तुला हलवलं की हे वाक्य पाठव. गाठ मारण्यासाठी लुआ नावाच्या भाषेत चार ओळी लिहाव्या लागतात. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. ही भाषा ब्राझीलची. ब्राझीलची भाषा जपानच्या पेटीसाठी झरीच्या पडवीत बेरजा-वजाबाक्या करते आहे, आणि बाहेर ताई वीजबिलाच्या नावानं बोटं मोडते आहे.

पॅनलवरची नावं हा त्यातला माझा आवडता भाग. कंपनीच्या पुस्तकातली नावं त्यानं घेतलीच नाहीत. सूर फुटायचा वेग म्हणजे 'तोंड', विझायचा वेग म्हणजे 'शेपूट'. फिल्टर उघडला की आवाज उजळतो, म्हणून त्याला 'उजेड'. रेझोनन्स वाढवला की आवाज नाकातून येतो, म्हणून ते 'नाक'. एका आवाजाच्या चार भागांना चार रंग: राखाडी, हिरवा, शेंदरी आणि एक ज्याला तो 'पऱ्हाटीचा' म्हणतो. पीजी-१००० वर ५६ खटके होते; त्यानं पहिल्या झटक्यात ९० मांडले, मग महिनाभर एकेक उचलून बाहेर टाकत २२ वर आला. "जे रोज हात लागत नाई थे पायजेच काहून?" असं त्याचं म्हणणं. पॅनल बांधणं म्हणजे यंत्राची सगळी गुपितं भिंतीवर मांडणं, अशी माझी समजूत होती. ती त्या २२ खटक्यांनी मोडली. मोठ्या घरात कोणत्या खोलीला कुलूप घालायचं हे ठरवण्यातच घरकर्त्याचं घरकर्तेपण असतं.

अडचणी आल्याच. गाणं रीपर या सॉफ्टवेअरात, पॅनल सीटीआरएलआरमध्ये, आणि पेटीकडे जाणारं दार एकच. विंडोजमध्ये हे दार साधारणपणे जो आधी धरेल त्याचं. दुसऱ्यानं हात लावला की नाही म्हणतं. शेवटी पॅनललाच रीपरच्या पोटात प्लगिन म्हणून बसवलं आणि दाराची किल्ली रीपरकडे दिली. मग पेटी बहिरी झाली. सूर वाजत होते, पण घरच्या बोलीतलं एक वाक्य तिला ऐकू जाईना. तीन रात्री भाचा गाठी तपासत बसला. बेरजा बरोबर, पत्ते बरोबर, तिच्या मेनूतली परवानगीही चालू. दोष वायरीत निघाला. मध्यंतरी मोबाइलवरून मागवलेली नवी, स्वस्तातली यूएसबी-मिडी वायर होती. तीन आकड्यांची वाक्यं ती इमानानं पोचवायची आणि त्याहून लांब वाक्य आलं की मध्येच तोडायची. २४० पोचे, आडनाव पोचे, आणि २४७ कधी येतच नसे. चांगली वायर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत भाच्यानं पेटीची दोनदा माफी मागितल्याचं ताई सांगते.

आणि मग ऑटोमेशन. गाणं वाजत असताना पॅनलवरचा खटका हातानं सरकवायचा. रीपर त्या हालचालीची रेघ काढून ठेवतं. पुढच्या वेळी गाणं लावलं की हात न लावता खटका तसाच सरकतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ताई चहा घेऊन आली होती. पडद्यावर 'उजेड' आपोआप वर चढला, 'नाक' खाली गेलं, आणि कोपऱ्यातली पेटी कुणी न शिवता हुंकारत होती. ताईनं कप खाली ठेवला. "अंगात आलं का वं इच्या?" तिनं पेटीलाच विचारलं. भाचा हसला, पण मला ताईचा प्रश्न अगदीच चुकीचा वाटला नाही. अंगात आलेल्या बाईचंही असंच असतं, कोण हलवतंय ते दिसत नाही.

यात फसायच्या जागा दोन. एक 'राइट' नावाची अवस्था. तिच्यात सोडून गाणं पुन्हा लावलं की आधीची रेघ पुसून न हललेल्या हाताची सरळ रेघ येते. भाच्याचा एक अख्खा रविवार असा गेला. आता तो 'टच'मध्येच काम करतो, खटका धरलेला असेल तेवढ्यापुरतंच लिहिलं जातं आणि सोडला की जुनी रेघ पुढे चालू. दुसरी फसगत तिच्या विसरभोळेपणाची. गाणं मधूनच लावलं तर सुरुवातीला काय काय ठरलं होतं ते तिला ठाऊक नसतं. शेवटचं जे ऐकलं त्यावर ती ठाम. म्हणून प्रत्येक गाण्याच्या आधी एक मोकळं आवर्तन ठेवावं लागतं. त्यात पॅनल तिला ४४८ च्या ४४८ खाने पुन्हा समजावून सांगतं. पाव सेकंदाच्या आत होतं. रोज सकाळी आजोबांना आज वार कोणता ते सांगावं तसं.

भाच्याची पहिली हौस मात्र तिला सोसवली नाही. बावीसपैकी नऊ खटके एकदम नाचवायचे होते त्याला. मिडीची वायर सेकंदाला ३१,२५० बिट नेते. एक आकडा न्यायला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३,१२५ आकडे. घरच्या बोलीतलं एक वाक्य अकरा आकड्यांचं; भागाकार करा, सेकंदाला २८४ वाक्यं आली. आणि याच वायरीवरून सूरही जायचे. नऊ रेघा एकदम सुटल्या की सूर मागे राहायला लागले, ताल लंगडायला लागला. जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग लागावी आणि तिच्यात कुणाची तरी वरात अडकावी, असं झालं. भाच्यानं रेघांवरचे ठिपके विरळ केले, नऊच्या तीन केल्या. वायर मोकळी झाली. गाणं काही चांगलं झालं नाही. नुसतं अडखळणं थांबलं.

चांगलं झालं ते दुसऱ्याच गोष्टीनं, आणि ती सुचली त्याच्या मित्राला. हा मित्र मुकुटबनच्या पलीकडल्या एका कोलाम पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा. गळा चांगला आहे, ढेमसा नाचाची गाणी गातो. त्याच्या गाण्याला ढोल हवा होता. खरा ढोल पडवीत वाजवला की गाद्या-गोधड्यांसकट भिंत हलायची आणि माइक रडायचा, म्हणून भाच्यानं तो पेटीतूनच बनवायचा ठरवला. तिच्या शंभर नमुन्यांत एक जपानी ढोल आहे. त्याचं 'तोंड' घेतलं, पट्टी खाली ओढली, मागे चौकोनी लहरीचं धड लावलं, 'उजेड' जवळजवळ बंद केला. बरा झाला. मित्रानं डोळे मिटून ऐकला आणि म्हणाला, "हा ढोल मरत नाई."

भाच्याला वाटलं शेपूट लांब झालं. तसं नव्हतं. मित्रानं समजावून सांगितलं. ढोलाचं कातडं वाजवायच्या आधी पऱ्हाट्यांच्या जाळावर शेकतात. शेकलं की ते ताणतं, आवाज चढतो, टणक होतो. मग रात्रीच्या गारव्यात वाजवता वाजवता ते सैल पडत जातं आणि आवाज थोडा थोडा उतरतो. नाचणाऱ्यांच्या पायांना ते कळतं. तुझा ढोल पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत एकाच तापाचा. असा ढोल कुठं असतो का?

मला वाटतं, भाचा त्या दिवशी पहिल्यांदा ऑटोमेशन शिकला. त्यानं सगळ्या रेघा पुसल्या आणि एकच काढली, ढोलाच्या दोन्ही भागांच्या बारीक सुराची. पेटीत या खान्याला उणे ५० पासून अधिक ५० पर्यंत धाव आहे. रेघ थोडी वरून सुरू केली आणि चार मिनिटांत तीस पायऱ्या खाली आणली. दोन भाग, तीस पायऱ्या, म्हणजे अख्ख्या गाण्यात साठ वाक्यं. सेकंदाला २८४ नेणाऱ्या वायरीवर चार मिनिटांत साठ. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच उतार. लक्ष देऊन ऐकलं तरी आवाज उतरतोय असं कुठल्याच ठोक्याला म्हणता येत नाही. पण गाणं संपल्यावर लगेच पुन्हा लावलं की पहिला ठोका दचकवतो.

पहिलं वाक्य बरोबर गेलं त्या रात्री बारीक सुराचाच खाना बदलून तो हसत अंगणात गेला होता. तेव्हा मला काहीच ऐकू आलं नव्हतं. या वेळी मलाही आलं.

गाणं मोबाइलवर घालून दोघं पोडावर गेले, मीही गेलो. मित्राचा आजा खाटेवर बसला होता. ब्लूटूथचा स्पीकर खाटेच्या पायाशी ठेवला. आजा मराठी बोलतो, पण ती तलाठ्यासाठी आणि दवाखान्यासाठी राखून ठेवलेली. ऐकताना तो गप्प होता. पोरं जमली, एक-दोन बाया दारात आल्या. तिसरं मिनिट लागलं असेल, आजानं हात वर करून कोलामीत काहीतरी म्हटलं, जरा रागानंच. पोरं हसली. मित्रही हसायला लागला, त्याला बोलता येईना.

"काय म्हन्ते बे आजा?" भाच्यानं विचारलं.

"म्हन्ते, ढोल थंडा पडला. वाजवनाऱ्याले समजत नाई का? शेकून आना म्हन्ते."

परतीच्या वाटेवर भाचा मोटारसायकलवर एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर चपला न काढताच पडवीत शिरला. पेटी चालू केली, पडदा उजळला, कोपऱ्यातले हळदकुंकवाचे डाग दिसले. त्यानं रेघ मध्येच तोडली. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनंतर ढोल काढून टाकला, तिथं नुसता गळा आणि टाळ्या ठेवल्या, अर्ध्या मिनिटानं ढोल परत आणला आणि रेघ पुन्हा वर, जिथून सुरू केली होती तिथून.

ते गाणं आता तालुक्यातल्या लग्नांत वाजतं. कुणी ना कुणी येऊन विचारतंच, मधातच ढोल बंद काहून पडला, कॅशिओ खराब झाली का? भाचा म्हणतो, नाई, शेकाले नेला होता.